लेकीच्या बिऱ्हाडी पाहुणे म्हणून जाताना

परदेशात शिकणाऱ्या मुलीला भेटून परतलेले पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "मुलगी आता आपली राहिली नाही." ती आजारी नसते, अभ्यास सोडून बसलेली नसते, पैशाची उधळपट्टीही करत नसते. तरीही ज्या भेटीसाठी वर्षभर दिवस मोजले, तिथे ती सारखी चिडली, दमलेली दिसली आणि विमानतळावर निरोप देताना तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, एवढे त्यांच्या मनात रुतून बसलेले असते. ही चिंता इतकी सार्वत्रिक आहे की एका कुटुंबाच्या अनुभवातून तिच्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, आई माध्यमिक शाळेत शिक्षिका. एकुलती एक मुलगी जर्मनीच्या पश्चिम सीमेवर, बेल्जियम आणि नेदरलँड्सला लागून असलेल्या आखेन या शहरात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या राज्यात सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चाची रक्कम व्हिसापूर्वीच एका गोठवलेल्या खात्यात भरावी लागते आणि त्यातून दरमहा ठरावीक पैसे मिळतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. हे पैसे बाबांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून काढले होते. ते मुलीला कधी ऐकवले नाही, असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ठामपणे सांगितले आणि ते खरेही होते.

शाळेला मे महिन्याची सुट्टी, म्हणून जाणे मे महिन्यात ठरले. शेंगेन व्हिसा, त्यासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, मुलीचे निमंत्रणपत्र, सगळे रीतसर झाले. तीन आठवड्यांत आखेन, कोलोन, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम आणि पॅरिस पाहायचे होते. मुलगी तीन सहनिवासींबरोबर एका सदनिकेत राहत होती. तिघांची परवानगी घेऊन तिने स्वतःची खोली आईबाबांना दिली आणि ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या बैठकीत गादी टाकून झोपू लागली.

पहिली ठिणगी पडली ती कचऱ्यावरून. बाबांनी सकाळी चहा झाल्यावर दुधाचा रिकामा खोका धुतला, घडी करून चपटा केला आणि कागदाच्या डब्यात टाकला. बाहेरून पुठ्ठा दिसत असला तरी आतून प्लॅस्टिक आणि धातूचा थर असल्यामुळे असा खोका तिथे पिवळ्या डब्यात टाकायचा असतो. मुलीने तो उचलून योग्य डब्यात टाकला आणि शेजारी सहनिवासी उभी असतानाच म्हणाली, "बाबा, किती वेळा सांगायचं?" हे मला सांगताना बाबांचा आवाज बदलला. "माझ्या हाताखाली माणसं होती, मॅडम. आजवर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आणि ही माझी मुलगी."

आईंचे दुःख वेगळे होते. त्यांनी घरचे साजूक तूप आणि पेढे न्यायचे ठरवले होते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणून मुलीने आधीच नको म्हणून कळवले होते. नियम आईंना पटला होता, पण ज्या कोरडेपणाने तो कळवला गेला तो खुपत होता. पुढे भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन त्या पोहोचल्या, तर शीतकपाटात मुलीच्या वाट्याला एकच फळी होती आणि तिच्यावर दही, पाव आणि अर्धी काकडी. "एवढंच खातेस?" असे त्यांच्या तोंडून निघून गेले. मुलगी काहीच बोलली नाही.

अशा प्रसंगांची यादी पालक सहज देतात. पण यादी म्हणजे तक्रार असते, तिच्यातून दिवस दिसत नाही. म्हणून मी त्यांना एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, क्रमाने सांगायला सांगितले. त्यांनी ब्रसेल्सचा दिवस निवडला. सकाळी तिकिटे मुलीने काढली. कोणत्या फलाटावर जायचे ते तिने पाहिले. गाडीला उशीर झाल्याची घोषणा तिनेच समजावून सांगितली. जेवणाच्या वेळी प्रत्येक पदार्थात मांसाचे पाणी तर नाही ना, हे तिने विचारून घेतले. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ तिच्या लक्षात होती. आईंच्या पायाला बूट लागला, तेव्हा औषधाचे दुकान तिने शोधले. परतताना रविवारी दुकाने बंद असतात म्हणून शनिवारीच किराणा घ्यायचे तिला आठवले. इथवर आल्यावर बाबा थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही की काय?"

परक्या संस्कृतीत गेल्यावर ओळखीच्या खुणा नाहीशा होतात आणि माणूस अस्वस्थ, हळवा, कधी रागीट होतो, याचे वर्णन कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली केले होते. मुलगी त्या अवस्थेतून दीड वर्षापूर्वी, एकटीच, गेलेली होती. आईबाबा नेमके त्याच अवस्थेत तिच्या दारात पोहोचले होते, आणि रांगेत कुठे उभे राहायचे इथपासून रात्री दहानंतर मोठ्याने बोलायचे नाही इथपर्यंत सगळ्यासाठी तिच्यावर अवलंबून होते. जे आईबाबा तिला हात धरून शाळेत नेत असत, त्यांना आता ती हात धरून रस्ता ओलांडून देत होती, आणि ही अदलाबदल तिघांपैकी कुणीही आधी मनाशी बोललेले नव्हते.

पहिल्या भेटीच्या शेवटी बाबा गाडी काढायला बाहेर गेले, तेव्हा आईंनी हळूच विचारले, "तिचं तिथे कुणी असेल का हो? रात्री दोन-दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा असायचा. मी गेले की मोबाइल उलटा ठेवायची." मुलगी दूर गेल्यासारखी वाटली की बहुतेक आयांच्या मनात हा प्रश्न येतोच. त्यात गैर काही नाही, पण तो न विचारता घरी नेला की पुढचे प्रत्येक फोनवरचे बोलणे चौकशीसारखे होते. मी त्यांना म्हटले की असेल तर ती सांगेल, नसेल तर तेही सांगेल, मात्र आधी मला तिच्याशी बोलू द्या. मुलीची तयारी असेल तरच, आणि ती मला जे सांगेल ते तिच्या संमतीशिवाय तुमच्यापर्यंत येणार नाही, ही अटही सांगितली. दोघांनी मान्य केली.

मुलगी व्हिडिओवर आली तेव्हा पहिली दहा मिनिटे ती आईबाबांचीच बाजू मांडत होती. ते थकले होते, त्यांचे काही चुकले नाही, मीच नीट वागले नाही. मग तिने खरे कारण सांगितले. एका अनिवार्य विषयात ती दोनदा नापास झाली होती. तिच्या अभ्यासक्रमात परीक्षेच्या तीनच संधी होत्या, तिसऱ्या वेळीही अनुत्तीर्ण झाल्यास प्रवेशच रद्द होण्याची आणि त्या शाखेत जर्मनीत पुढे शिकता न येण्याची शक्यता होती. ही तिसरी परीक्षा उन्हाळी सत्राच्या अखेरीस होती. आईबाबा आले तेव्हा सत्र ऐन भरात होते. दिवसा ती त्यांना शहरे दाखवत होती आणि रात्री स्वयंपाकघरात बसून, मोबाइलवर उतरवून घेतलेली व्याख्याने ऐकत उदाहरणे सोडवत होती.

"सांगितलं का नाहीस?" असे मी विचारले नाही, कारण ते पुढे कुणीतरी विचारणारच होते. मी विचारले, सांगितले असतेस तर काय झाले असते असे तुला वाटत होते? ती म्हणाली, "बाबा काहीच बोलले नसते. तेच मला नको होतं."

ही गोष्ट घरी कधी आणि कशी सांगायची हे तिने ठरवायचे होते, आणि तिने चौघांच्या एकत्र बैठकीत सांगायचे ठरवले. तिचे बोलणे संपल्यावर बाबांनी अपेक्षेप्रमाणे विचारले, "आम्ही तिथे होतो तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा पॅरिसचं तिकीट रुपयांत किती पडलं ते काढत होतात." युरोला शंभराने गुणण्याची ही सवय प्रत्येक पालकाला असते. बाबांच्या मनात तो निव्वळ हिशेब होता. मुलीला प्रत्येक गुणाकारात निवृत्तीच्या पैशांतून आणखी काही वजा झालेले ऐकू येत होते. बाबांनी पैशाचा विषय कधीच काढला नव्हता, आणि काढला नव्हता म्हणूनच तिला तो सगळीकडे दिसत होता. आई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "आणि रात्री दिवा असायचा तो अभ्यासासाठी?" मुलीने मान हलवली आणि दोघीही रडल्या.

या कुटुंबाबरोबर काम करताना माझे एक मत पक्के झाले. विवाहित मुलीच्या सासरी कसे जायचे हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना माहीत आहे. दोन दिवस राहायचे, फडताळे उघडायची नाहीत, स्वयंपाकाला नावे ठेवायची नाहीत, तिच्या वेळापत्रकाला धक्का लावायचा नाही. एके काळी तर मुलीच्या घरचे पाणीही न पिणारे वडील होते. त्या रिवाजांमागच्या साऱ्या कल्पना मला पटतात असे नाही, पण तिथे तिचा संसार आहे आणि आपण पाहुणे आहोत ही जाणीव त्यांत होती. शिकणाऱ्या, अविवाहित मुलीच्या खोलीत जाताना मात्र आपल्याकडे असा कोणताच रिवाज नाही. भाडे आपण भरतो म्हणून ती खोली आपल्याच घराची वाढीव खोली आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक तिथे तिचा एक संसार उभा असतो: शीतकपाटातली तिची एक फळी, साफसफाईची पाळी, सहनिवासींशी जपलेले संबंध, कष्टाने शिकलेली भाषा. आई फळी पाहते तेव्हा मुलीला वाटते की दीड वर्षाची परीक्षा पाहिली जात आहे.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांत मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे, म्हणून व्यावहारिक बाजूही लिहिते. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथल्या उन्हाळी सत्राचा मध्य. साधारणपणे एप्रिल ते जुलै आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे व्याख्यानांचे दिवस असतात आणि परीक्षा बहुतांशी त्यानंतरच्या मोकळ्या काळातच येतात. त्यामुळे "सुट्टी कधी?" असे न विचारता "शेवटची परीक्षा कधी?" असे विचारावे आणि मगच तिकीट काढावे. शिक्षिका आईंना हे जड जाते याची मला कल्पना आहे, पण रजा घेणे किंवा दोघांपैकी एकानेच जाणे हेही मार्ग आहेत. जवळपास वेगळी खोली भाड्याने घेता आली तर तो खर्च वाया जात नाही. आणि काही दिवस मुलीशिवाय फिरावे. चुकलेली गाडी, चुकीचा फलाट, न समजलेली पाटी यांतून मोठी माणसेही शिकतात, आणि संध्याकाळी मुलीला सांगायला त्यांच्याकडे स्वतःची हकीकत असते.

पैशाबद्दल न बोलणे हा उपाय नाही. जाण्यापूर्वी एकदा बसून खर्चाची रक्कम ठरवावी, तिला सांगावी आणि तिथे गेल्यावर गुणाकार करू नयेत.

मुलगी चिडली म्हणजे तुटली असे नाही. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी असतात: कित्येक आठवडे झोप आणि जेवण बिघडलेले, वजन झपाट्याने कमी झालेले, परीक्षांना बसणेच टाळलेले, मित्रमंडळींपासून आणि फोनपासून सतत दूर राहणे, जगण्यात अर्थ नाही अशा तऱ्हेचे बोलणे. असे दिसल्यास विद्यार्थी कल्याण संस्थेकडे आणि विद्यापीठाकडे समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी ते विनामूल्य असतात आणि इंग्रजीतही बोलतात. जिवाला धोका वाटल्यास तिथला आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. इथे पालकांना स्वतःला आधार हवा असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

या मुलीने पुढे विषयाच्या सल्लागारांची आणि विद्यापीठातल्या समुपदेशकांची भेट घेतली. नाव वेळेत मागे घेता येत होते, म्हणून परीक्षा पुढच्या सत्रात दिली आणि ती उत्तीर्ण झाली. निकाल तिने आधी आईंना कळवला. बाबांनी तिला विचारले की पुढच्या वेळी केव्हा आलेले चालेल, आणि तिने सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सांगितला. या खेपेस मुक्काम दहा दिवसांचा आहे, खोली तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतली आहे, आणि कोलोनचे कॅथेड्रल पाहायला दोघे तिच्याशिवाय जाणार आहेत. तिकीट मोबाइलवर कसे काढायचे ते बाबा सध्या शिकत आहेत.