ऑफिसच्या लॅपटॉपवर वाय-फाय आपोआप का जोडलं जात नाही? रोज हाताने का कनेक्ट करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'वर टिक आहे, तरी रोज सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपवर हाताने कनेक्ट दाबावं लागतं, अधूनमधून पासवर्डही मागतो, आणि आयटीवाले दर वेळी एकच सांगतात, 'फॉरगेट करून परत जोडा, बाकीच्यांचं तर चालतंय.' हे 'बाकीच्यांचं चालतंय' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधी तुमच्या कामाचं: फॉरगेट, म्हणजे लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लावणं, करू नका. घरच्या राउटरला तो उपाय ठीक आहे, तिथे फार तर पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्या नेटवर्कच्या नावामागे अख्खं प्रोफाइल असतं. ओळख पासवर्डने पटवायची की सर्टिफिकेटने (म्हणजे लॅपटॉपवर ठेवलेल्या डिजिटल ओळखपत्राने), कुठल्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा, जोडणी युजरच्या नावाने करायची की मशीनच्या, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. प्रोफाइल ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे आयटीने सगळ्या मशीनवर एकदम लावलेल्या नियमांतून, आलं असेल तर ते तुम्हाला काढताच येणार नाही. हाताने बनवलेलं असेल तर ते जाईल, आणि पुन्हा जोडताना विंडोज स्वतःच्या अंदाजाने नवं बनवेल. ते जुन्यासारखं असेलच असं नाही. फॉरगेट हा उपाय सांगणाऱ्याला काय बिघडलंय ते माहीत नसतं, एवढंच त्यातून कळतं.

मी बरीच वर्षं डेस्कटॉप सपोर्टला होते. म्हणजे फोन उचलायचा, जागेवर जायचं, आणि युजर व नेटवर्क टीम यांच्यामध्ये उभं राहून दोन्हीकडून ऐकून घ्यायचं. तिथे लेखा विभागात एक मॅडम होत्या. अतिशय काटेकोर, बेरजेत कधी चूक होऊ द्यायच्या नाहीत. त्यांचं वाय-फाय काही आठवडे व्यवस्थित चालायचं आणि मग एका सकाळी अडायचं. कनेक्ट दाबलं की गोल फिरत राहायचं, पासवर्ड मागायचं, आणि थोड्या वेळाने अकाउंटच लॉक. मॅडम तिकीट, म्हणजे आयटीकडे लेखी तक्रार, टाकायच्या. नेटवर्कचे सर यायचे, हातात केबल. केबल लावायची, मशीन रीस्टार्ट करायचं, मॅडमना लॉगिन करायला सांगायचं. लॉगिन व्हायचं. मग केबल काढली की वाय-फायही गुपचूप जोडलं जायचं. 'बघा, चालतंय. पासवर्ड नीट टाकत जा, मॅडम.' तिकिटावर शेरा 'युजर एरर', तिकीट क्लोज. आणि हे सगळं अख्ख्या विभागासमोर.

मला खटकायची ती केबल. दोष वाय-फायचा असेल तर केबल लावल्याने वाय-फाय का सुधारावं? सरांना विचारलं तर म्हणाले, 'रीस्टार्टने झालं.' पण रीस्टार्ट मॅडमनी आधीच केलेलं असायचं.

शेवटी सर यायच्या आत मी त्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' (netsh wlan show wlanreport) ही कमांड चालवली. विंडोजमध्ये हे आयतं असतं आणि सपोर्टच्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. गेल्या तीन दिवसांत वाय-फाय कधी जोडलं, कधी तुटलं, कशामुळे तुटलं, याचं पान तयार होतं आणि ते ब्राउझरमध्ये उघडून बघता येतं. त्यात दिसलं ते असं: मशीन सुरू झाल्यापासून लॉगिन होईपर्यंत त्या नेटवर्कशी जोडण्याचा एकही प्रयत्न नाही. लॉगिन झाल्या झाल्या प्रयत्न सुरू, आणि प्रत्येकाखाली १२०१३ नंबरचा इव्हेंट, म्हणजे ८०२.१एक्सची (नेटवर्कवर घेण्याआधी सर्व्हर ओळख तपासतो ती पद्धत) ओळख पटवणं फसलं. सिग्नल उत्तम, ड्रायव्हर ठीक, रेडिओ ठीक. सर्व्हरनेच नकार दिलेला.

मग मॅडमना विचारलं, पासवर्ड शेवटचा कधी बदललात? 'कालच, घरून, वेबसाइटवरून. मुदत संपल्याचा मेल आला होता.'

तिथेच उलगडा झाला. ज्यांना हे रोजचं आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या.

आमचं वायरलेस प्रोफाइल 'फक्त युजर'वर बसवलेलं होतं. म्हणजे कोणी लॉगिन केल्याशिवाय लॅपटॉप वाय-फायला जाणारच नाही. पासवर्ड घरून वेबसाइटवर बदलला की सर्व्हरवर नवा लागू होतो, पण लॅपटॉपने साठवून ठेवलेला जुनाच असतो. सकाळी ऑफिसात नवा पासवर्ड टाकला तर लॅपटॉप तो कोणाला विचारून पडताळणार? नेटवर्क नाही. म्हणून तो 'चुकीचा पासवर्ड' म्हणतो. वैतागून जुना टाकला तर साठवलेल्याशी जुळतो आणि लॉगिन होतं, मग तोच जुना पासवर्ड घेऊन लॅपटॉप वाय-फायला जातो, सर्व्हर नाकारतो, लॅपटॉप पुन्हा जातो, आणि असे नकार साचले की अकाउंट लॉक. कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखं. केबल लावली की मात्र लॉगिनच्या आधीच सर्व्हर भेटतो, नवा पासवर्ड चालतो, तोच लॅपटॉपवर साठतो आणि वाय-फायही चालू होतं. म्हणजे सरांची केबल ही तपासणी नव्हतीच. तीच दुरुस्ती होती, आणि दर वेळी ती पुरावा पुसून टाकत होती. 'बाकीच्यांचं' चालायचं कारण ते पासवर्ड ऑफिसात बसून, कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून बदलायचे.

मी रिपोर्ट छापून मीटिंगमध्ये ठेवला. प्रोफाइलमध्ये 'युजर किंवा कॉम्प्युटर' असा पर्याय आहे, तो ठेवला की मशीन लॉगिनच्या आधी स्वतःच्या ओळखीने जोडलं जातं, एवढं एकच बदला, असं म्हटलं. सर म्हणाले, 'लोकांना पासवर्ड बदलायला ऑफिसात यायला सांगा.' पुढे केव्हातरी तो बदल झाला, पण 'वायरलेस सुधारणा' या नावाखाली, आणि कौतुक कोणाचं झालं हे सांगायला नको. मॅडमच्या तिकिटांवरचा 'युजर एरर' मात्र कोणी खोडला नाही. मी विनंती केली होती. उत्तर आलं, क्लोज झालेलं तिकीट एडिट करता येत नाही.

असो. तुमचं दुखणं हेच असेल असं नाही. पासवर्ड बदलल्यानंतरच होत असेल तर हेच. रोज होत असेल तर वेगळं, आणि तुम्ही 'पासवर्ड मागतो' म्हणताय म्हणून मला दुसराच संशय येतो. लॅपटॉप विंडोज ११ची एंटरप्राइझ आवृत्ती आहे का? २२एच२ या अपडेटपासून, मशीन त्या लायकीचं असेल तर, त्यात क्रेडेन्शियल गार्ड, म्हणजे लॉगिनची माहिती चोरीपासून जपणारी विंडोजची सोय, आपोआप चालू होतो. तो चालू असला की पीईएपी-एमएसचॅप या पासवर्डने ओळख पटवणाऱ्या पद्धतीच्या वाय-फायला लॉगिनचाच पासवर्ड परस्पर वापरता येत नाही, त्यामुळे तुम्हाला तो पुन्हा पुन्हा हाताने द्यावा लागतो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून क्रेडेन्शियल गार्डच बंद करतात. माझ्या मते हा निव्वळ आळस. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की सर्टिफिकेटवर, म्हणजे ईएपी-टीएलएसवर या. ते काम तुमचं नाही, आयटीचं आहे, आणि कितीही वेळा फॉरगेट केलंत तरी ते तुमच्याकडून होणार नाही.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगते. डॉकला (लॅपटॉप टेबलावर जोडून ठेवायच्या पेटीला) नेटवर्कची केबल असेल तर विंडोज वाय-फायकडे मुद्दाम दुर्लक्ष करतं, एका वेळी एकच जोडणी पुरे म्हणून. तो बिघाड नाही. काल निघताना तुम्ही स्वतः डिस्कनेक्ट दाबलं असेल तर विंडोज तुमचा मान राखून त्या नेटवर्ककडे आपणहून जाईलच असं नाही. दाबायची सवय असेल तर सोडा. 'शट डाउन' केलं म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो, खरी सुरुवात रीस्टार्टनेच होते. आणि 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' (वाय-फाय कार्डाचा ओळख-पत्ता बदलता ठेवणारी सोय) चालू असेल आणि कंपनी तो पत्ता बघून आत घेत असेल, तर तुमचा लॅपटॉप दारावर अनोळखी ठरतो.

तिकीट टाकताना 'वाय-फाय चालत नाही' एवढंच लिहू नका. लॉगिनच्या स्क्रीनवर असताना वाय-फायचं चिन्ह जोडलेलं दिसतं का ते बघा आणि लिहा. शेवटचा पासवर्ड कधी आणि कुठून बदलला ते लिहा. तो रिपोर्ट जोडा. आणि स्पष्ट विचारा: प्रोफाइल युजरवर आहे की मशीनवर? हा प्रश्न लेखी गेला की 'बाकीच्यांचं चालतंय' म्हणून क्लोज करणं अवघड होतं. तरी केलं तर रीओपन करा. जो येईल त्याला केबल लावायच्या आधी रिपोर्ट काढायला सांगा. मॅडमच्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं.

काही गोष्टी राहिल्या. त्या कमांडला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, कंपनीच्या मशीनवर तुम्हाला ते नसतील, मग सपोर्टकडूनच चालवून घ्या. विंडोज ११ २४एच२ असेल तर नेटएसएचच्या वायरलेसच्या काही कमांड लोकेशनची परवानगी चालू केल्याशिवाय माहिती देत नाहीत, घाबरू नका. सर्टिफिकेट आलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. मे २०२२च्या विंडोज अपडेटने सर्टिफिकेटची पडताळणी कडक केली आणि कितीतरी ठिकाणी सर्टिफिकेटवर चालणारी वाय-फाय अचानक नाकारली जाऊ लागली, मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात वेगळी दुरुस्ती काढावी लागली. लॅपटॉपचं घड्याळ मागे पडलं असेल तरी सर्टिफिकेट फसतं, तेही बघा. आणि तुमच्याकडे मॅक असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे 'ऑटो-जॉइन' हा आपोआप जोडण्याचा पर्याय बघा, आणि नेटवर्क कंपनीच्या प्रोफाइलमधून आलं असेल तर तिथेही ते आयटीच्याच हातात असतं.