मांजराला दूध-पोळीवर का ठेवू नये? कुत्र्याला तर चालते!

फरक यकृतात आहे. उंदीर, कुत्रा यांच्या आहारात प्रथिनं कमी झाली की यकृत अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मोडणारी आणि युरिया बनवणारी एन्झाइम्स घटवतं आणि नायट्रोजन वाचवतं. प्रथिनं वाढली की ग्लुकागॉन आणि कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स या एन्झाइम्सची जनुकं पुन्हा चालू करतात. पिष्टमय जेवणानंतर इन्सुलिन ग्लुकोकायनेज (ग्लुकोज हाताळणारं यकृतातलं एन्झाइम) वाढवतं, ते वेगळंच.

मांजराचं यकृत हा बदल फारसा करत नाही. 1977 साली रॉजर्स, मॉरिस आणि फ्रीडलँड या संशोधकांनी प्रौढ मांजरांना कमी आणि भरपूर प्रथिनांचा आहार देऊन पाहिलं, तर एन्झाइम्स जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे ताटलीत पोळी असली तरी यकृत अमिनो आम्लं जाळतच राहतं, आणि ती स्नायूंतून येतात. पाठीचा कणा हाताला लागू लागतो तो यामुळे. यकृतातलं ग्लुकोकायनेजही नगण्य, त्यामुळे पिष्टाचा मोठा लोंढा झेपत नाही.

प्रौढ मांजराच्या आहारात कोरड्या वजनावर (पाणी वगळून) निदान 26 टक्के प्रथिनं हवीत (कुत्र्याला 18); गव्हाच्या पिठात ती साधारण 12 टक्केच. मांजराच्या खाद्याच्या डब्यावरचा आकडा ओल्या वजनाचा (पाण्यासकट) असतो. 10 टक्के प्रथिनं, 80 टक्के पाणी असेल तर 10 भागिले 20, म्हणजे कोरड्यावर 50 टक्के.

आणि लठ्ठ मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट पाहू नका. चरबी यकृतात साचते. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.