पाकिटं संपली, मग दुखणं का नाही संपलं?

“व्हिटॅमिन डीची साठ हजारची आठ पाकिटं झाली, रिपोर्ट सुधारला. तरी अंग दुखतंच. मग माझं दुखणं मनातलंच आहे का?”

ठाण्याच्या वर्तकनगरहून आलेल्या ४७ वर्षांच्या ताईंचा हा प्रश्न. जुनं दुखणं असलेली बरीच माणसं तो विचारतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून तो इथे मांडत आहोत.

ताई रोज ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला ऑफिसात जातात. मान, खांदे आणि कंबर तीन वर्षं दुखतेय. संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या जुन्या आजाराचं, निदान केलेलं. पाच महिन्यांपूर्वी रक्तात व्हिटॅमिन डी ९ निघालं, म्हणजे मिलिलिटरमागे ९ नॅनोग्रॅम. २० च्या खाली कमतरता धरतात. शिवाय हाडांच्या आजारात रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेजही वाढलेलं होतं. डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटचं एक पाकीट, असं आठ आठवडे दिलं, आणि नंतर महिन्याला एक. आठ आठवड्यांनी रिपोर्ट ३४ आला. दुखणं मात्र गेलं नाही, म्हणून ताईंच्या मते उपचार फसला होता.

आम्ही ‘किती टक्के बरं वाटतं’ हे विचारलंच नाही. विचारलं ते असं: पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का? स्टेशनचा पूल चढताना कठडा धरावा लागतो का? नडगीवर अंगठ्याने दाबलं तर कळ येते का? ताई थांबल्या. म्हणाल्या, “पूल आता न धरता चढते. ते लक्षातच आलं नव्हतं.”

इथे दोन दुखणी एकात एक गुंतली होती. डी फार कमी असलं की हाडात कॅल्शियम नीट बसत नाही, हाड मऊ पडतं. नडग्या, बरगड्या, खुबे दुखतात आणि मांड्यांची ताकद जाते. हे दुखणं डी भरून काढल्यावर उतरतं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थाच साधा स्पर्श, साधा ताण मोठा करून पोचवते. दुखणं तितकंच खरं, पण ते पाकिटाने जात नाही. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ साली निरनिराळ्या जुन्या दुखण्यांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही डीचा मोठा फायदा होण्याची शक्यता कमीच दिसली. म्हणून कमतरता भरायची ती हाडं आणि स्नायूंसाठी. मान मोकळी झाली नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही, आणि डोस कमी पडला असंही होत नाही.

हा दुसरा समज जास्त महागात पडतो. “हल्ली घशाला कोरड पडते, रात्री तीनदा लघवीला उठते, पोट साफ होत नाही,” हे ताईंनी जाता जाता सांगितलं. आम्ही घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टीलचा डबा टेबलावर उपडा केला. त्यात दहा रिकामी पाकिटं होती, केमिस्टकडून स्वतःच आणलेली. सोबत २,००० युनिटच्या रोजच्या कॅप्सूल आणि कॅल्शियमची स्ट्रिप, दिवसाला दोन. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात ‘व्हिटॅमिन डी३ २५० आययू’, म्हणजे गोळीमागे २५० युनिट. त्यावर एका दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घेतलेलं डीचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन. तिथे पाकिटांबद्दल कोणी विचारलं नाही, ताईंनीही सांगितलं नाही.

कागदावर बेरीज केली. आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यानंतरच्या बारा आठवड्यांत पाकिटं ६ लाख, इंजेक्शन ६ लाख, कॅप्सूल १,६८,०००, कॅल्शियमच्या गोळ्यांतून ४२,०००. एकूण १४,१०,००० युनिट. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे याच काळात फक्त १,८०,००० जायला हवी होती. निरोगी माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये.

डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतून निघून जात नाही. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढलं की तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ सुरू होते, आणि पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. अशी लक्षणं असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डी १३२, कॅल्शियम ११, म्हणजे दोन्ही प्रमाणाबाहेर. सगळं बंद झालं, भरपूर पाणी, आणि दर आठवड्याला कॅल्शियमची तपासणी.

डब्यातून आणखी एक गोष्ट निघाली. थायरॉईडची गोळी सहाला उपाशीपोटी, आणि साडेसहाला चहाबरोबर कॅल्शियम. कॅल्शियम थायरॉईडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं, दोन्हीत चार तासांचं अंतर लागतं. टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉईडचं औषध कमी पडत होतं. थकवा आणि अंगदुखीचा काही भाग तिथलाही असणार.

पाकीट घ्यायचं ते दिवसाच्या मोठ्या जेवणानंतर किंवा दुधाबरोबर, कारण डी स्निग्धात विरघळतं. वार एकच ठेवायचा आणि घेतलं की कालनिर्णयवर गोल करायचा. ‘आठवड्याला’चं ‘रोज’ झाल्याने माणसं ॲडमिट झालेली आहेत. कोर्सनंतरची तपासणी साधारण तीन महिन्यांनी, त्याआधी पातळी स्थिरावत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, काही यंत्रांवर त्याने डी खोटंच जास्त दिसतं. मुतखडा, टीबी किंवा सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत, ग्रंथींत गाठी होण्याचा आजार) असेल, किंवा फेनिटोइन, कार्बामॅझेपिन ही फिटवरची औषधं चालू असतील, तर डोस डॉक्टरच ठरवणार. कार्बामॅझेपिन काही नसांच्या दुखण्यावरही देतात आणि त्याने डी कमी होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

उन्हाबद्दल ताई म्हणाल्या, “रोज सातला तलावपाळीला फिरते की.” फिरणं उत्तम, पण सातच्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळपास नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन लागतं. ऑफिसच्या काचेतून ते किरण येत नाहीत. डीची पातळी उतरली की त्या जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं बाह्या वर करून बाहेर उभ्या राहणार आहेत.

मानेच्या दुखण्यासाठी वेगळं काम चालू केलं: झोपेची ठरलेली वेळ, दर चाळीस मिनिटांनी खुर्चीवरून उठणं, आणि दुखणं कमी असलेल्या दिवशीही ठरलेल्या दहा मिनिटांपलीकडे न चालणं. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं, कारण बऱ्या दिवशी त्या आठवड्याभराची धुणी-भांडी उरकायच्या आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायच्या.

कॅल्शियम पाच आठवड्यांनी जागेवर आलं. डी उतरायला मात्र कित्येक महिने लागतील. तोवर त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘डी आणि कॅल्शियम कुठूनही नको. नवीन गोळी आणली की आधी मागची बाजू वाचा.’