‘स्वयंचलित जुळणी’ की ‘स्वयंजुळणी’?

नागपूरला एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळीवर) पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंची, ‘सेल्फ-असेम्ब्ली’ होते, ते आपसूक रचले जातात; तिला मराठीत ‘स्वयंचलित जुळणी’ म्हणावं का?

माझं मत, म्हणू नये; ‘स्वयंजुळणी’ म्हणावं. ‘स्वयंचलित’ म्हटलं की यंत्र आलं आणि ते चालू करणाराही आला. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात यंत्रमानव सुटे भाग बसवतो, ती स्वयंचलित जुळणी. नॅनोट्यूबपाशी असं कुणी नसतं. एकपदरी डीएनए घ्या, तोही पॉलिमरच. पाण्यात नॅनोट्यूबच्या जुड्या होतात. त्यात डीएनए घालून ध्वनिलहरींचा मारा केला की जुड्या सुटतात. डीएनएचे सपाट बेस (साखळीतले नायट्रोजनयुक्त घटक) नळीच्या भिंतीला बिलगतात, ऋणभारित फॉस्फेटचा कणा पाण्याकडे राहतो आणि साखळीचे नळीभोवती मळसूत्री वेढे पडतात. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. ध्वनिलहरी आपण देतो खऱ्या, पण वेढे कसे पडावेत हे ठरवणारा बाहेरचा कुणी नाही.

म्हणून ‘स्वयंजुळवणी’ही नको. जुळवायला कुणीतरी लागतो, जुळायला लागत नाही. छापखान्यातल्या अक्षरजुळणीत माणूसच खिळे जुळवायचा, हे खरं. म्हणून तर आधी ‘स्वयं’ हवं. वाक्यात मात्र सरळ क्रियापद वापरा: ‘साखळ्या नळीवर आपोआप जुळून येतात.’ आपल्याकडे विदर्भात बोलताना ‘जुळत आहेत’ याला ‘जुळून राहिल्या’ म्हणतात, आणि प्रयोग चालू असतानाचं ते फार नेमकं वर्णन आहे. साखळीचा एखादा भाग चिकटतो, उष्णतेच्या धक्क्याने सुटतो, जरा सरकून पुन्हा बसतो. बंध कमजोर असतात म्हणूनच ही दुरुस्ती होऊ शकते.

‘जोडणी’ मात्र वेगळी ठेवा. सहसंयुज बंधाने (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या मजबूत बंधाने) पॉलिमर पक्का बसवला तर ती जोडणी. तिच्यात भिंतीतल्या कार्बन अणूंची मूळ वीण ठिकठिकाणी तुटते आणि नळीची विद्युतवाहकता घटते. जुळणीत वीण शाबूत राहते. अनेक संशोधक तिच्याकडे वळतात ते यासाठी. ‘स्वयंसंघटन’ हा शब्द ‘सेल्फ-ऑर्गनायझेशन’साठी राखलेला बरा.

तेव्हा प्रबंधाचं शीर्षक ‘कार्बन नॅनोट्यूबवर पॉलिमरची स्वयंजुळणी’ असं द्या. ग्राफीनवरच्या प्रकरणात तेवढं ‘वेढे’ टाळा. तो कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, त्यावर साखळ्या पसरतात.