डिझेल टाकीला ठिगळ मारू की बदलून टाकू?

प्रश्न: हर्णैला आमची लाकडी मासेमारी बोट आहे, जुनी. डिझेलची लोखंडी टाकी डेकखाली इंजिनच्या बाजूला बसवलेली. या सीझनला फिल्टर सारखे चोक व्हायचे, आता खाली डिझेल पाझरतंय. वेल्डर म्हणतो जागेवरच पत्रा मारतो, नाहीतर टाकी काढायला डेक कापावा लागेल. काय करू?

उत्तर: ठिगळ अजिबात नको. फिल्टर चोक होणं आणि गळती हे एकच दुखणं आहे दादा. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतून घाम धरतो, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं, तिथे जंतू वाढतात आणि पत्रा आतून सडतो. फिल्टरला चिकटणारी ती काळी बुळबुळीत घाण म्हणजे तेच. एक भोक दिसतंय म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असणार, वेल्डिंगचा ताप बसला की शेजारी दुसरं पडेल. आणि रिकामी केली म्हणून टाकी सेफ होत नाही, सांध्यात उरलेलं डिझेल तापलं की त्याची वाफ होते आणि टाकी फुटू शकते, तीही लाकडी बोटीच्या पोटात!

डेक कापायची पण घाई नको. जुनी टाकी पूर्ण उपसून, धुवून, आतच थंड हत्याराने कापून तुकड्यांनी बाहेर काढतात, वेळखाऊ आहे पण डेक वाचतो (ग्राइंडर नको, ठिणग्या उडतात). नवीन करताना एका मोठीऐवजी दोन छोट्या करा, डेकच्या झाकणातून आत जातील एवढ्या, दोघींना वेगळे व्हॉल्व्ह, म्हणजे एकीत खराब डिझेल आलं तरी दुसरीवर घरी येता येतं. साधा जाड लोखंडी पत्रा चालतो, बाहेरून इपॉक्सी रंग, आतून काही नाही. गॅल्वनाइज्ड स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, डिझेल जस्त खातं आणि ते पुढे इंजेक्टरमध्ये जाऊन बसतं. स्टेनलेसच हवं तर ३१६ एल ग्रेडचं, खाऱ्या ओलीत ३०४ ग्रेडचं वेल्डिंगच्या कडेने टोचल्यासारखं सडतं.

आत मधे मधे पत्र्याचे उभे आडपडदे (बॅफल) हवेतच, नाहीतर लाटेत डिझेल डचमळून सांधे उकलतात. तळाला उतार आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ड्रेन कॉक, रोज सकाळी इंजिन चालू करायच्या आधी थोडं पाणी काढायला. ओल्या लाकडावर थेट टेकवू नका, खालून हवा खेळली पाहिजे. बसवायच्या आधी दोन-तीन पौंड हवा भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघा, जास्त भराल तर पत्रा फुगेल. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे फॅब्रिकेटरला माप आत्ताच देऊन ठेवा, जुलैत सगळेच त्याच्या दारात असतात.