टीममध्ये नवीन आलास, तर ऐक

भाऊ, जळगावात ऑफिसच्या वायफायवर मूडल, म्हणजे आपण कॉलेजचे धडे नि चाचण्या ऑनलाइन ठेवतो ते सॉफ्टवेअर, झकास पळतं. सातपुड्यात धडगाव-मोलगीकडच्या पोराच्या फोनवर ते कसं चालतं, ते आधी बघ. तिथे रेंज टेकडीवर गेल्यावर मिळते. म्हणून तासाभराचं लेक्चर एका फाईलीत चढवू नकोस. सात-आठ मिनिटांचे तुकडे कर, सोबत पीडीएफ ठेव. मूडलच्या ॲपमध्ये मजकूर आधी उतरवून नंतर नेटशिवाय वाचता येतो, हे पहिल्याच आठवड्यात मुलांना करून दाखव. चाचणीही ऑफलाइन सोडवता येते, पण ती परवानगी सेटिंगमध्ये मुळात बंद असते. ती चालू कर आणि वेळेची मर्यादा काढ, नाहीतर ती ऑफलाइन उघडतच नाही.

मराठी विभागाच्या सरांच्या नोट्स आल्या की फॉन्ट तपास. बऱ्याच जणांकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला माल असतो. तो चिकटवला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ होते. कन्व्हर्टरने बदल, पण जोडाक्षरं डोळ्यांनी वाच. तिथे घोळ राहतोच.

स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचं क्रेडिट पदवीत धरतात का, असं कुणी विचारलं तर अंदाजाने हो म्हणू नकोस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांत एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सना तशी मुभा आहे, पण कोणता कोर्स चालतो ते विद्यापीठ ठरवतं. परीक्षा विभागाकडून लेखी घे.

आणि मूडल शिकवताना सरांच्या हातातला माऊस काढून घेऊ नकोस. क्लिक त्यांनाच करू दे, वेळ लागला तरी.