ट्रॅक्टरचं मागचं ब्लेड चालवताना: तीन प्रश्नांना एकत्र उत्तर

मे महिना लागला की ट्रॅक्टरच्या मागच्या ब्लेडने, म्हणजे माती ओढायच्या आडव्या लोखंडी पात्याने, जमीन सारखी करायचे (लेव्हलिंगचे) प्रश्न यायला लागतात. यंदा तिघांनी जवळपास एकच विषय विचारलाय म्हणून एकत्र लिहितो, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

गोव्यातल्या पेडण्याच्या एका भावाचं मोरड (उंचावरच्या) जमिनीतलं शेत आहे, मिरगाच्या आधी ते ब्लेडने सारखं करून घ्यायचंय पण ब्लेड जमीन धरतच नाही, वरून नुसतं घासत जातं, तर वजन म्हणून मुलाला ब्लेडवर उभं केलं तर चालेल का असं त्याने विचारलंय. सत्तरीतल्या एका काजू बागायतदाराला डोंगरावर जाणारा मातीचा रस्ता पावसाआधी नीट करायचाय, त्याला चढावर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं झाल्यासारखं वाटतं. आणि डिचोलीच्या एका बायने विचारलंय की नवरा शिपवर असतो, ट्रॅक्टर भाड्याने आणते, ड्रायव्हर नवा आहे, तर कामाआधी मी काय बघून घेऊ.

पेडण्याच्या भावाला आधी सांगतो, मुलाला उभं करू नका. मुलाला नाही, गड्याला नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. ही सवय कुठून आली ते मला माहीत आहे, बैलांच्या मागे गुटा (जमीन सपाट करायची फळी) फिरवायचा तेव्हा वजनाला पोरं त्याच्यावर बसायची, आपण सगळे लहानपणी बसलोय. पण बैल ठेच लागली की थांबतो आणि ट्रॅक्टरला ते कळत नाही. ब्लेडची कड मुळाला किंवा जमिनीत दडलेल्या चिऱ्याला (जांभा दगडाला) अडकली की जो झटका बसतो त्यात वरचा माणूस पुढे फेकला जातो, म्हणजे ब्लेड आणि चाकाच्या मध्ये. मी एकदा अशा एका शेतावर नंतर पोचलो होतो, मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, वाचला, पण पाय चेंगरला तो चेंगरलाच. वडीलच ट्रॅक्टर चालवत होते, त्यांना मागे काही झालंय हे समजायलाच वेळ लागला. मडगार्डवर बसणं पण त्यातलंच. ट्रॅक्टरवर एकच सीट आहे, एकच माणूस.

आता ब्लेड धरत का नाही. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार उचलणारे हायड्रोलिक हात) फक्त वर उचलते, खाली दाबत नाही, ब्लेड स्वतःच्या वजनानेच खाली जातं. मे महिन्यात आपली लाल जमीन भाजून विटेसारखी होते, तिथे ते वजन पुरत नाही. म्हणून आधी कल्टिव्हेटरचा (फणांच्या अवजाराचा) एक हात मारा, माती मोकळी करा आणि मग ब्लेड लावा, ब्लेडचं काम माती ओढायचं आणि पसरायचं आहे, फोडायचं नाही. किंवा एखादा वळीव पडू द्या, दोन दिवस वाफसा येऊ द्या. ओल्या चिखलात मात्र घालू नका, माती दाबून घट्ट होईल आणि भाताच्या मुळांना नंतर तेच नडेल. कंपनीने वजन लावायची जागा दिली असेल तर लोखंडी वजन बोल्टने घट्ट बसवा, दगड वर ठेवून दोरीने बांधायचं नाही. आणि लिफ्टचा लिव्हर बघा, ब्लेडला पोझिशन कंट्रोल (ठरवलेल्या उंचीवर धरणारा) वापरायचा, ड्राफ्टवर ठेवलं तर ओढ वाढली की लिफ्ट आपोआप उचलते आणि शेतात लाटा तयार होतात, मग माणसाला वाटतं ब्लेडच खराब आहे.

सत्तरीच्या भावा, तुमचा प्रश्न जास्त गंभीर आहे. पुढचं तोंड हलकं वाटतं म्हणजे ट्रॅक्टर तुम्हाला आधीच सांगतोय. मागे ब्लेडचं वजन, वर चढ, त्यामुळे पुढच्या चाकांवर भार राहत नाही, आधी स्टिअरिंग नीट लागत नाही आणि मग तोंड उचलतं. एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या ॲक्सलवर राहिला पाहिजे असा साधा नियम आहे, म्हणून पुढे वजनं लावा. तोंड उचलायला लागल्यावर ट्रॅक्टर मागे उलटायला दीड सेकंदसुद्धा पुरतो, सावरायला त्यातला अर्धाच वेळ हातात असतो, क्लच दाबायचा विचार येईपर्यंत सगळं झालेलं असतं. खूप खडा चढ असेल तर वर जाताना रिव्हर्समध्ये जा आणि काम उतरताना करा, तोंड खाली, ब्लेड जमिनीजवळ, लो गिअर. उतारावर न्यूट्रल कधी नाही, क्लच दाबून घसरत येणं नाही, मधेच गिअर बदलणं पण नाही. आणि दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक केलेले हवेत, शेतात वळायला आपण ते सुटे ठेवतो आणि तसेच रस्त्यावर येतो, मग उतारावर एकच ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन आडवा फिरतो.

रस्त्याच्या कडेचं पण लक्षात घ्या. तुमच्याकडे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला व्हाळ (ओढा) असणार. व्हाळ जेवढा खोल तेवढं तरी अंतर काठापासून सोडायचं, ८ फूट खोल तर ८ फूट, आणि माती भुसभुशीत असेल किंवा भराव असेल तर त्याच्याही पुढे. वरून कड घट्ट दिसते पण खालून पावसाने पोकळ झालेली असते. तेवढी जागा रस्त्यालाच नसेल तर कडेचं काम फावड्याने करा, खरंच सांगतो, दोन माणसांची दिवसाची मजुरी जाईल तेवढीच.

ब्लेड तिरकं लावलं की त्याची रुंदी कमी भरते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ६ फुटी ब्लेड ३० अंशात फिरवलं की जेमतेम ५ फूट २ इंच काम करतं आणि ४५ अंशात सव्वाचार फूट. मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी टेपने मोजा, ब्लेड त्याच्यापेक्षा कमी पडलं तर एक चाक माती काढलेल्या भागात आणि एक ढिगावर चढतं, आडव्या उतारावर तेवढा कल पण उलटायला पुरे होतो. तिरक्या ब्लेडने ट्रॅक्टरची मागची बाजू पण एका अंगाला ओढली जाते, म्हणून चेक चेन (लिफ्टचे हात बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) ताणून घ्या आणि स्पीड चालण्याइतकाच ठेवा. ब्लेड उलटं फिरवून रिव्हर्समध्ये माती ढकलायची असेल तर अगदी हळू आणि फक्त मोकळी माती, लिफ्टचे हात ओढायला केलेले असतात, मागून ठोकर बसली की वाकतात.

आणखी एक, ब्लेडचं काम संपलं की त्याच ट्रॅक्टरने काजूचं जुनं खोड साखळी लावून उपटायचा मोह होतो. साखळी टॉप लिंकला (वरच्या जोडदांड्याला) किंवा ॲक्सलला बांधली तर खोड हलणार नाही, ट्रॅक्टरच मागे उलटून येईल. ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारवरून (मागच्या ओढायच्या पट्टीवरून), आणि मुळं खणून मोकळी केल्याशिवाय नाहीच. रोल बार (उलटल्यास वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर सीट बेल्ट लावा, कारण बेल्ट नसेल तर तुम्ही बाहेर फेकले जाता आणि बार जमिनीवर पडतो तो तुमच्याच अंगावर. रोल बार नसेल तर मात्र बेल्ट लावायचा नाही.

रस्ता दुरुस्त करणं वेगळं आणि डोंगर कापणं वेगळं, डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली परवानगी लागते, तेव्हा दुरुस्तीच्या नावाखाली उतारात घुसू नका.

डिचोलीच्या बाय, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, भाड्याच्या ट्रॅक्टरला सहसा कोण विचारत नाही. ट्रॅक्टर आल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. लिंकेजच्या (ब्लेड ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यांच्या) तिन्ही पिना मापाच्या आणि त्या निसटू नयेत म्हणून त्यांना लिंच पिन (छोटी अडकवायची पिन) लावलेल्या, खिळा किंवा तार घातलेली दिसली तर काम सुरू करू द्यायचं नाही. हायड्रोलिकच्या पाइपातून तेल गळतंय का, पण ते हात लावून बघू नका, प्रेशरचं तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसतं, जखम सुईएवढी दिसते आणि हात गमवायची पाळी येते, तसं झालंच तर त्याच तासात हॉस्पिटल. तिसरं, ब्लेडचा कोन बदलताना ड्रायव्हर काय करतो. ब्लेड जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून मग पिन काढली पाहिजे, लोंबकळत्या ब्लेडची पिन काढली की ते एकदम फिरतं. उचललेल्या ब्लेडखाली कोणी शिरू नये, शिरायचंच झालं तर खाली जाड लाकडाचा ठोकळा हवा. चिरा लावायचा नाही, आपला चिरा भाराखाली एकदम फुटतो.

ब्लेड जोडताना कामगाराला ट्रॅक्टर आणि ब्लेडच्या मध्ये उभा राहू देऊ नका, ट्रॅक्टर पूर्ण थांबल्यावरच त्याने आत यायचं. घरातली पोरं, कुत्रं, शेजारपाजारचे बघे सगळे लांब, कारण रिव्हर्स घेताना ब्लेडच्या मागचं त्याला फार कमी दिसतं.

आणि आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही स्वतः शेतातून एक फेरी मारा. पाण्याचा पाइप कुठून गेलाय, जुनी विहीर कुठे बुजवलीय, मेर (बांध) कुठे खेकड्यांनी पोखरलीय, विजेची तार कुठे खाली आलीय हे नव्या ड्रायव्हरला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. तिथे काठी रोवून लाल फडकं बांधा, आणि सकाळी त्याला ट्रॅक्टरवर चढायच्या आधी चालत नेऊन एकेक काठी दाखवा.